प्रिंटिंग इंकच्या लॅबमध्ये नोकरी घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की निपाणीत केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालं, आता बेळगावात शाई आणि कोटिंग बनवणाऱ्या कारखान्याच्या लॅबमधून बोलावणं आलंय. काम कसं असतं आणि सॉल्व्हंटनं, म्हणजे शाई पातळ ठेवणाऱ्या उडून जाणाऱ्या द्रवानं, तब्येत बिघडते का, हे तुम्हाला हवंय. मी बेळगावातल्याच उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत याच कामात आहे, म्हणून उत्तर देतो.

नोकरी जरूर घ्या. फक्त आधी एक विचारा: लॅबमधल्या माणसाला छापखान्यात मशीनवर पाठवतात का? पाठवत नसतील तर तुम्ही कप आणि घड्याळ धरून बसाल, आणि शाई तुम्हाला कधीच कळणार नाही.

शाईत पिगमेंट म्हणजे रंगाची पूड, त्याला धरून ठेवणारं रेझिन, सॉल्व्हंट किंवा तेल आणि थोडे अ‍ॅडिटिव्ह असतात. मिलमधून सॅम्पल आलं की हेगमन गेजवर दळण किती बारीक झालंय ते बघायचं, बीफोर कपातून शाई किती सेकंदांत गळते ते मोजायचं, फिल्मवर ड्रॉडाउन, म्हणजे शाईचा पातळ थर, ओढून स्टँडर्डशेजारी ठेवायचा, मग शाई निघते का ते बघायला सेलोटेप लावून ओढायची. हे महिन्याभरात हातात बसतं. शेड मॅचिंगला मात्र वेळ लागतो. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेला रंग दारात उन्हात नेला की वेगळा दिसतो, कारण स्टँडर्डमधली आणि आपल्या शाईतली पिगमेंटं वेगळी असतात. म्हणून दोन-तीन प्रकारच्या उजेडात बघितल्याशिवाय सही करायची नाही.

आता मशीनचा मुद्दा. पाऊच छापणाऱ्याचा फोन येतो, "शाई निघायला लागली." लॅबमध्ये तीच बॅच पक्की बसलेली असते. जाऊन बघावं तर पॉलिथिन फिल्मची ट्रीटमेंट (शाई धरावी म्हणून पृष्ठभागावर केलेली प्रक्रिया, ती डाईनमध्ये मोजतात) ३८ डाईनच्या खाली उतरलेली. अशा फिल्मवर कुठलीही चांगली शाई धरत नाही. हे टेबलावर बसून कधी सापडलं असतं? ऑपरेटर कन्नड-मराठी मिसळून जे सांगतात ते नीट ऐकत चला. दोष आधी त्यांना दिसतो.

आपल्याकडचा पावसाळा तर वेगळाच विषय आहे. जुलैत नायट्रोसेल्युलोज या रेझिनची शाई फिल्मवर पांढुरकी पडते. इथिल अ‍ॅसिटेट भराभर उडतं, पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं पाणी त्यावर धरतं. मग थोडं सावकाश उडणारं सॉल्व्हंट, जसं नॉर्मल प्रोपिल अ‍ॅसिटेट, घालून सांभाळावं लागतं. ऑफसेटची शाई हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकते, पण कागद ओलसर असला की तीही रेंगाळते. आणि कुंद्याचा बॉक्स! तुपाचा हात लागून वार्निश मऊ पडलं, रंग बोटाला आला, तर मिठाईवाला दुसऱ्यांदा आपल्याकडं येत नाही. म्हणून असल्या कामाचं सॅम्पल तूप लावून घासून बघायचं, नुसत्या कोरड्या रब टेस्टवर भागत नाही.

खाण्याच्या पॅकिंगसाठी कोणती शाई बनवतात, तेही विचारा. अशा शाईसाठीच्या आयएस १५४९५ या भारतीय मानकात २०२० पासून टोल्युइन या सॉल्व्हंटला मनाई आहे. तिथं अजून टोल्युइनचा ड्रम दिसला तर सरळ प्रश्न करा. उत्तरावरून मालक कसा आहे ते कळेल.

तब्येतीचं म्हणाल तर त्रास होऊ शकतो, आणि तो बराचसा टाळता येतो. कापडी मास्क वाफ अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपरचा कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर मागून घ्या, आणि लॅबमध्ये एक्झॉस्ट चालू आहे का ते स्वतः बघा. सॉल्व्हंट ओतताना ड्रम आणि डबा दोन्हींना अर्थिंगची क्लिप हवीच. इथिल अ‍ॅसिटेटची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते, स्टॅटिकची एक ठिणगी पुरते. पॉलिस्टरचे कपडे घालून जाऊ नका. यूव्ही वार्निशला, म्हणजे अतिनील प्रकाशानं सुकणाऱ्या वार्निशला, तर उघडा हात लावूच नका. त्यातल्या अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी एकदा बसली की सहसा जात नाही, पुढं थेंबभर लागलं तरी अंगावर पुरळ उठतं. चांगली हुशार पोरं या एका कारणानं लाइन सोडून गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून एवढं बजावून सांगतोय.

मुलाखतीआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं रंगांधळेपणा तपासणारी इशिहारा चाचणी करून घ्या. लाल-हिरव्यात गल्लत होत असेल तर शेडऐवजी रेझिन आणि कोटिंगच्या बाजूचं काम मागा. तिथंही शिकण्यासारखं भरपूर आहे.