दातांच्या ऑपरेशनआधी लहान मुलांना गुंगीचं औषध देणं सुरक्षित असतं का?

तुमच्या चार वर्षांच्या मुलीच्या किडलेल्या दुधाच्या दातांवर पूर्ण भूल देऊन उपचार व्हायचे आहेत आणि त्याआधी गुंगीचं औषध पाजणार म्हटल्यावर तुम्ही धास्तावला आहात. मी भूलतज्ज्ञ आहे, अशी पुष्कळ मुलं माझ्या हाताखालून गेली आहेत.

हे औषध तिला झोपवायला नसतं. तुमच्या कडेवरून ती आमच्याकडे येते, तेवढा क्षण सोपा व्हावा म्हणून असतं. आकांत करणाऱ्या मुलाला चौघांनी धरून तोंडावर मास्क दाबणं मला आजही बघवत नाही.

बहुतेक ठिकाणी मिडाझोलाम पाजतात, किलोमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे 14 किलोच्या मुलीला 7. चव जहाल कडू, म्हणून गोड सिरपात मिसळतात. तरी काही मुलं थुंकतात. मग किती पोटात गेलं ते कळत नाही, म्हणून घाईने दुसरा डोस देत नाहीत. 20 ते 30 मिनिटांत मूल सैलावतं, बोबडं बोलतं, उगाच हसतं. पायांत तोल राहत नाही, तेव्हा तिला मांडीवरून उतरवू नका. भोवती नातेवाइकांची गर्दीही नको. नंतरचं बरंचसं तिला आठवत नाही. क्वचित एखादं मूल शांत होण्याऐवजी जास्तच चिडतं. तसं झालं तर तुमचं काही चुकलं असं समजू नका. तिने औषध तोंडात घेतलंच नाही तर डेक्समेडेटोमिडिन नाकात सोडता येतं, पण त्याला अर्धा-पाऊण तास द्यावा लागतो.

खरा धोका श्वास मंदावण्याचा. म्हणून औषध पोटात गेल्यापासून बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, हाताशी ऑक्सिजन आणि मुलीवर नजर ठेवणारं जाणकार माणूस हवंच. ‘घरूनच पाजून आणा’ असं कुणी सांगितलं तर स्पष्ट नाही म्हणा. गाडीत पेंगलेल्या मुलाची मान पुढे पडली की श्वासाची वाट अडते, आणि पुढे बसलेल्याला पत्ताही लागत नाही.

जेवण आणि दूध 6 तास आधी बंद, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. हे आजीलाही नीट समजावा. पोटातलं ‘एकच बिस्कीट’ भुलेत श्वासनलिकेत जाऊ शकतं. मुलगी रात्री घोरत असेल, टॉन्सिल वाढले असतील, तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. सर्दी-खोकला किंवा ताप आला, तर ऑपरेशनच्या सकाळची वाट न बघता लगेच फोन करा.