वाचकांचे प्रश्न : वीस गुंठ्यांत धागा आणि रंग

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमची वीस गुंठे जमीन आहे. घरच्या हातमागावर मी सुती उपरणी आणि पिशव्या विणते. धागा आणि रंग दोन्ही आपल्याच शेतात पिकवावेत, अशी इच्छा आहे. सुरुवात कशाने करावी?
– एक वाचक भगिनी, दिंडोरी

उत्तर : पिवळ्या रंगासाठी आपण एक गुंठाही अडकवू नये. आपल्या जिल्ह्यात हा रंग उकिरड्यावर पडलेला असतो : लासलगावकडच्या कांदाचाळींतली टरफले, सटाणा-मालेगावकडच्या डाळिंबांच्या साली, दिवाळीनंतर उतरवलेला झेंडू. डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर असल्याने तिचा रंग सुतावर विशेष चांगला बसतो आणि त्यात किंचित हिराकस (लोहाचा क्षार) मिसळल्यास शेवाळी छटा मिळते.

जमीन राखावी ती निळीसाठी. नीळ शेंगवर्गीय असल्यामुळे जमिनीचा कसही सुधारतो. पाण्याचा निचरा होणाऱ्या जागी मृगाच्या पावसावर ती पेरावी आणि साधारण तीन महिन्यांनी, फुलोऱ्याच्या सुमारास, कापावी. ताजा पाला रात्रभर पाण्यात दाबून ठेवला की पाणी हिरवट-पिवळे होते. मग पाला काढून, चुन्याची निवळी घालून ते पाणी घुसळत राहावे. फेस आधी निळा होऊन वर चढतो आणि नंतर हळूहळू बसतो. तो बसला की घुसळणे थांबवावे आणि तळाचा गाळ फडक्यातून गाळून वाळवावा. हा रंग पक्का होण्यासाठी तुरटी लागत नाही, परंतु तो साध्या पाण्यात विरघळत नसल्याने रंगवण्यापूर्वी गूळ आणि चुना घालून माठात आंबवावा लागतो.

लाल रंगासाठी बांधावर बारतोंडी लावून ठेवावी. तिचा रंग मुळांच्या सालीत असतो आणि तो भरायला तीन-चार वर्षे जातात. तोवर काष्ठौषधींच्या दुकानातून मंजिष्ठा आणावी.

धाग्याबाबत मात्र स्पष्ट सांगणे भाग आहे. कापूस लावून, सरकी काढून, पिंजून, पेळू वळून घरीच कातायचे ठरवले, तर सगळा वेळ चरख्यावर जाईल आणि माग रिकामा राहील. उपरण्यांचे सूत विकतच घ्यावे. पिशव्यांसाठी मात्र अंबाडी जरूर लावावी. ती दाट पेरली की फांद्या न फुटता सरळ उंच वाढते आणि वाख, म्हणजे सालीतला धागा, लांब मिळतो. भाजीसाठी शेंडे खुडण्याचा मोह आवरावा, कारण शेंडा खुडला की फांद्या फुटतात आणि वाख तुटक निघतो. भाजीची ओळ वेगळीच ठेवावी. फुले येऊ लागताच ताटे कापून, जुड्या बांधून साचलेल्या पाण्यात बुडवाव्यात. दोन आठवड्यांच्या आसपास रोज एक ताट काढून पाहावे : साल बोटाने सहज सुटून आली की त्याच दिवशी जुड्या बाहेर काढाव्यात, नाहीतर वाख कमजोर होतो. हे काम पिण्याच्या विहिरीत किंवा ओढ्यात कधीही करू नये, कारण कुजण्यामुळे पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. वेगळा खड्डा घ्यावा आणि ते पाणी शेताला द्यावे.

प्रश्न : हळदीत रंगवलेले सुती उपरणे थोड्याच दिवसांत फिके का पडले?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : हळद आणि पळस हे दोन्ही रंग उन्हात उडतात, विकायच्या कापडाला ते वापरू नयेत. शिवाय सुतावर रेशमासारखा रंग सहज चढत नाही. येवल्याच्या पैठणीचे रेशीम नुसत्या तुरटीवर रंग धरते. सुताला मात्र आधी धुण्याच्या सोड्यात उकळून, मग हिरड्याच्या पाण्यात भिजवून, नंतर तुरटी द्यावी लागते. तुरटी कापडाच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के पुरते. हिराकस चिमूटभरच वापरावा, जास्त झाल्यास कापड विरते. द्राक्षबागेसाठी आणलेले मोरचूद (तांब्याचा क्षार) घरात असले, तरी ते रंगाच्या पातेल्यात घालू नये. ते सांडपाण्यातून जमिनीत साचते आणि पाण्यातल्या जिवांना विषारी ठरते.