धडकलेली १९६९ची कॅमेरो: विमा कंपनीचा आकडा, तुमचा खर्च आणि बाजारातली किंमत

प्रश्न : मी टेक्ससमध्ये, ह्यूस्टनजवळ केटी इथे राहतो. २०१७ साली १९६९ची शेव्हरले कॅमेरो २८,००० डॉलरला घेतली. नंतर तिच्यात एलएस३ क्रेट इंजिन (कारखान्यातून सुटं मिळणारं नवं व्ही-८), टी-५६ मॅग्नम हा सहा गिअरचा गिअरबॉक्स, पुढची नवी सबफ्रेम, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि एसी बसवला, रंग करून घेतला. गाडी धरून एकूण खर्च ९६,००० डॉलर. पाच महिन्यांपूर्वी एकाने लाल सिग्नल तोडून बाजूने धडक दिली. त्याची विमा कंपनी गाडी ‘टोटल’ (दुरुस्त करणं परवडणार नाही अशी) ठरवून २४,८०० डॉलर देऊ करते आहे. ‘मॉडिफाय केल्यामुळे मूळ किंमत गेली, पावत्यांना अर्थ नाही’ असं क्लेमची रक्कम ठरवणाऱ्या अ‍ॅडजस्टरचं म्हणणं. गाडीचा व्हिन (ओळख क्रमांक) १२४३७९एन असा सुरू होतो आणि तिच्यावर एसएसचे (सुपर स्पोर्ट या जास्त ताकदीच्या प्रकाराचे) बॅज आहेत. माझी स्वतःची पॉलिसी साधी, रोजच्या गाड्यांचीच आहे. मला ९६,००० मिळतील का? सोबत रिलीजचा (समोरच्यावरचा पुढचा हक्क सोडल्याचा) कागद आला आहे, त्यावर सही करू का?

उत्तर : सही आत्ता अजिबात करू नका. ९६,००० मिळणार नाहीत. पण २४,८०० हीही तुमच्या गाडीची किंमत नाही.

तो आकडा वाचल्यावर मला गाडीच्या किमतीच्या आधी समोरच्याच्या पॉलिसीची शंका आली. टेक्ससमध्ये दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी कायद्याने सक्तीचं किमान कव्हर २५,००० डॉलर आहे. त्याला दोनशे कमी असा आकडा योगायोगानेही येऊ शकतो, पण बहुधा त्या माणसाकडे किमान कव्हरच असावं आणि किमतीची कारणं मागाहून जुळवलेली असावीत. म्हणून पहिलं पत्र किमतीवर वाद घालणारं नको. त्यात पॉलिसीचं लिमिट (कंपनी जास्तीत जास्त देईल ती रक्कम) किती आहे ते लेखी विचारा आणि ज्या रिपोर्टवरून आकडा काढला त्याची प्रत मागा. कोर्टात दावा लावण्याआधी लिमिट सांगायचं बंधन कंपनीवर नाही. दावा दाखल झाला की समोरच्याचं उत्तर आल्यापासून तीस दिवसांत सुरुवातीच्या खुलाशांबरोबर पॉलिसी दाखवावीच लागते, हे अ‍ॅडजस्टरलाही ठाऊक असतं.

आता किंमत. टेक्ससचं माप असं : अपघाताच्या क्षणाआधी त्या ठिकाणी गाडीची बाजारभावाने जी किंमत होती, त्यातून अपघातानंतरची किंमत वजा. बाजारभाव म्हणजे घाई नसलेला घेणारा आणि अडलेला नसलेला विकणारा ज्या आकड्यावर हात मिळवतील तो. तुम्ही काय ओतलंत हे या मापात कुठेच बसत नाही. रेस्टोमॉडमध्ये (जुनी गाडी, आत नवे भाग) खर्चाइतके पैसे क्वचितच परत येतात : एकच काम दोनदा केलेलं असतं, मजुरी सगळी वसूल होत नाही आणि मालकाच्या आवडीचा रंग किंवा साउंड सिस्टीम यांना पुढचा गिऱ्हाईक पैसे मोजत नाही. मात्र ‘मॉडिफाय केली म्हणून किंमत गेली’ हे वाक्य सरसकट खरं नाही. ते कोणत्या गाडीला लागू पडतं आणि कोणत्या नाही, यावरच तुमचा क्लेम उभा आहे.

तुमचा व्हिन वाचू या. पहिला १ म्हणजे शेव्हरले, २४ म्हणजे कॅमेरो व्ही-८ (सहा सिलिंडरला २३ असतं), ३७ म्हणजे कूपे, ९ म्हणजे १९६९ आणि एन म्हणजे ओहायोतला नॉरवूडचा कारखाना. १९६९ची गाडी एसएस आहे की नाही, हे मात्र व्हिन सांगत नाही. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यावरच्या) काउल टॅग या माहितीपट्टीचा फोटो काढा. नॉरवूडच्या गाड्यांवर त्या मोसमात काही काळानंतर एक्सने सुरू होणारे कोड आले. एक्स३३ किंवा एक्स७७ म्हणजे झेड/२८ (कॅमेरोचा रेसिंगच्या धाटणीचा प्रकार), एक्स२२ किंवा एक्स६६ म्हणजे एसएस ३९६. एक्स११ मात्र एसएस असतेही आणि नसतेही. पाँटिअ‍ॅकवाल्यांना पीएचएस या नोंदी पुरवणाऱ्या सेवेकडून आणि १९६७पासूनच्या फोर्डवाल्यांना मार्टी रिपोर्टमधून त्याच गाडीची कारखान्यातली नोंद मिळते. अमेरिकेत विकलेल्या कॅमेरोची तशी नोंद जीएमकडे नाही. तेव्हा मूळ बिल, प्रोटेक्ट-ओ-प्लेट ही धातूची वॉरंटी पट्टी, किंवा पेट्रोलच्या टाकीवर नाहीतर सीटच्या स्प्रिंगांत कधीकधी सापडणारी बिल्ड शीट, यांपैकी काही हाती नसेल तर गाडीला एसएस म्हणू नका. ‘व्ही-८ कूपे, एसएसचे बॅज लावलेली’ असंच लिहा. पुराव्याशिवाय केलेला हा एक दावा उलटतपासणीत फुटला, की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

गंमत अशी की एसएस नसणंच इथे तुमच्या बाजूने आहे. मूळ डीझेड शिक्क्याचं ३०२ इंजिन असलेली झेड/२८ असती आणि ते काढून तुम्ही एलएस३ बसवलं असतं, तर अ‍ॅडजस्टरचं म्हणणं बरोबर ठरलं असतं, कारण तिथे गिऱ्हाईक नंबर्स मॅचिंगपणाचेच (कारखान्यातलं मूळ इंजिन गाडीत असण्याचेच) पैसे देतो. साध्या व्ही-८ कूपेला ते वलय नसतं. अशी गाडी रेस्टोमॉडचा पाया म्हणूनच घेतली जाते आणि ४३० हॉर्सपॉवरचं एलएस३, मॅन्युअल सहा गिअर, डिस्क ब्रेक आणि चालणारा एसी यांनी तिची किंमत वाढते. खर्चाइतकी नाही, पण वाढते.

कंपनीचा रिपोर्ट आला की बारकाईने तपासा. टोटल-लॉसची सॉफ्टवेअरं चार-पाच वर्षांच्या कॅमरी-अ‍ॅकॉर्डसाठी ठीक. पन्नास वर्षांच्या गाडीला ती एकतर प्राइस गाइडचा आकडा चिकटवतात किंवा लांबच्या जाहिराती गोळा करतात. इंजिन सहा सिलिंडर टाकलंय का, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक धरलाय का, तुलनेच्या गाड्या विकलेल्या आहेत की नुसत्या जाहिरातीतल्या, आणि कंडिशनचा कोणता क्रमांक दिलाय ते बघा. हॅगर्टीच्या प्राइस गाइडची श्रेणी १ ते ४ आहे, ओल्ड कार्सच्या गाइडची १ ते ६. दोन्हींतला ‘३’ एकच समजून भाव लावलेला असू शकतो. शिवाय गाइडचे आकडे मूळ अवस्थेतल्या गाड्यांचे असतात, तुमच्यासारख्या गाडीची किंमत त्यांतून थेट निघतच नाही.

ती निघते विकल्या गेलेल्या मिळत्याजुळत्या गाड्यांवरून. अपघाताच्या आधीच्या साधारण वर्षभरातल्या, १९६९च्याच, शक्यतो एलएस इंजिनच्या तीन ते पाच विक्री लिलावांत शोधा : ब्रिंग अ ट्रेलर, मीकम, बॅरेट-जॅक्सन. दोन ठिकाणी हमखास चूक होते. बॅरेट-जॅक्सनच्या जाहीर आकड्यात खरेदीदाराचं कमिशन धरलेलं असतं, ब्रिंग अ ट्रेलरच्या बोलीत फी धरलेली नसते. सगळ्या विक्री एकाच पायावर आणा. दुसरं, बोली थांबली पण रिझर्व्ह (विकणाऱ्याने ठरवलेली किमान किंमत) गाठला नाही अशी गाडी ‘विकली’ म्हणून लावू नका. मग फरक जमा-वजा करायचे, आणि हे फरक सुट्या भागांच्या किमतीचे नव्हेत, बाजार जेवढा फरक करतो तेवढेच. नमुन्यादाखल : एक गाडी ८२,००० ला गेली, पण ती नावाजलेल्या शॉपने बांधलेली, मागचं सस्पेन्शनही नवं, ८,००० वजा, ७४,०००. दुसरी ६६,५००, तेच इंजिन पण ऑटोमॅटिक. ४,००० जमा, ७०,५००. तिसरी ५८,०००, कार्बोरेटरचं जुन्या घराण्यातलं इंजिन आणि एसी नाही. ९,००० जमा, ६७,०००. म्हणजे ७०,००० च्या आसपास. प्रत्येक जमा-वजेमागचं कारण एका ओळीत लिहिलेलं हवं. कारण नसलेला फरक टिकत नाही.

हे काम फी देऊन अप्रेझरकडून (किंमत ठरवणाऱ्या तज्ज्ञाकडून) करून घ्या, पण यूस्पॅप हे मूल्यांकनाचं मानक पाळणाऱ्याकडूनच, आणि त्याची किंमत-तारीख अपघाताच्या दिवसाची हवी, तपासणीच्या दिवसाची नव्हे. जो मिळणाऱ्या रकमेवर टक्केवारी मागेल त्याला लांब ठेवा. यूस्पॅपमध्ये तशी फी चालत नाही आणि तो अहवाल पहिल्याच प्रश्नात निकामी होतो. तुमच्या पावत्या इथे उपयोगी पडतात : किंमत म्हणून नव्हे, गाडीत काय होतं, कोणी बसवलं आणि कधी, याचा पुरावा म्हणून. एलएस३च्या बिलावरचा सिरियल नंबर आणि गिअरबॉक्सवरचा टॅग यांचे फोटो गाडी यार्डात असतानाच काढा. अपघाताआधीचे खालच्या बाजूचे, वायरिंगचे, ट्रंकमधले फोटो शोधा. रंगाचे चकचकीत फोटो सगळ्यांकडे असतात, पण घरगुती काम आणि शॉपचं काम यांतला फरक वायरिंगमध्येच दिसतो.

मालक म्हणून तुम्ही स्वतःही किमतीची साक्ष देऊ शकता. टेक्सस सुप्रीम कोर्टाने १९८४च्या पोरास विरुद्ध क्रेग या निकालात ते मान्य केलं, पण साक्ष बाजारभावाची हवी, ‘मला तिची एवढी किंमत वाटते’ अशी नको. २०१२च्या जस्टिस प्रकरणात त्यापुढे जाऊन सांगितलं की आकड्याला आधार दाखवावाच लागतो.

समजा किंमत ७०,००० ठरली आणि लिमिट २५,००० निघालं. कंपनी लिमिटच्या वर एक डॉलर देणार नाही आणि टेक्ससमध्ये तुम्ही तिच्यावर थेट दावाही लावू शकत नाही, दावा ड्रायव्हरवर. पण १९२९च्या स्टोवर्स निकालापासून कंपनीवर एक बंधन आहे. लिमिटच्या आतली, वाजवी, ड्रायव्हरला पूर्ण मोकळं करणारी लेखी मागणी तिने झिडकारली आणि निकाल लिमिटच्या वर गेला, तर वरची रक्कम तिच्याच अंगावर येऊ शकते. म्हणून अप्रेझरचा अहवाल आणि पोलिसांचा सीआर-३ रिपोर्ट जोडून, मुदत घालून, पूर्ण लिमिटची मागणी पाठवा. २४,८०० आणि २५,००० यांतले दोनशे डॉलर महत्त्वाचे नाहीत, ती लेखी मागणी महत्त्वाची. आणि लिमिट ५०,००० किंवा १,००,००० निघालं, तर हाच अहवाल तुम्हाला थेट तिथवर नेतो.

ड्रायव्हरकडून वरची रक्कम वसूल होईल का? निकाल मिळेल, पैसे मिळणं अवघड. टेक्ससमध्ये राहतं घर जप्तीतून वगळलेलं आहे आणि अशा निकालासाठी पगारही जप्त होत नाही. तुमचे उरलेले पैसे बहुधा तुमच्याच पॉलिसीत आहेत.

तुमच्या पॉलिसीतलं अनइन्शुअर्ड/अंडरइन्शुअर्ड मोटरिस्टचं (समोरच्याचा विमा नसेल किंवा अपुरा असेल तेव्हाचं) कव्हर काढून बघा, त्यात मालमत्तेचं नुकसानही येतं. त्यावर २५० डॉलर डिडक्टिबल (तुम्ही स्वतः सोसायची रक्कम) असतं. ‘मी ते घेतलंच नव्हतं’ असं वाटत असेल तरी नकाराचा लेखी कागद कंपनीकडून मागा. टेक्ससमध्ये नकार लेखीच लागतो. तो कागद त्यांना दाखवता आला नाही तर कव्हर होतं असं धरलं जातं. आता पॉलिसी कुठे वाचायची ते सांगतो. कस्टम इक्विपमेंटवरची छोटी मर्यादा बहुतेक पॉलिसींत कोलिजन (धडकेचं नुकसान) आणि कॉम्प्रिहेन्सिव्हच्या (चोरी, आग वगैरे) भागात असते. अंडरइन्शुअर्डचा भाग वेगळा, तो समोरच्याने कायद्याने जे देणं लागतं त्यावर चालतो. तिथे ती मर्यादा पुन्हा लिहिलेली नसेल तर तुमचं एलएस३ त्यात धरलं जातं. तुमच्याकडे कोलिजन आणि अंडरइन्शुअर्ड अशी दोन्ही कव्हरं असतील तर कोणतं वापरायचं ते तुम्ही निवडता, एक पुरलं नाही तर दोन्ही. कंपनी कदाचित आधी ड्रायव्हरची जबाबदारी आणि रक्कम कोर्टात ठरवून आणा म्हणेल, टेक्ससमध्ये तिला तो हक्क आहे. म्हणून अपघातापासून दोन वर्षांची मुदत कॅलेंडरवर आजच लिहा.

आणि म्हणूनच सही नको. तुमच्या कंपनीच्या लेखी संमतीशिवाय समोरच्याला रिलीज दिलात, तर ती स्वतःचा वसुलीचा हक्क बुडाला म्हणून अंडरइन्शुअर्डचा क्लेम नाकारू शकते. आधी तिला कळवा, संमती हातात घ्या, मगच स्टोवर्सचं पत्र.

गाडी स्वतःकडे ठेवायची असेल तर सॅल्व्हेजची (धडकलेल्या गाडीची उरलेली) किंमत रकमेतून वजा होते. ती कोणत्या बोलीवरून धरली ते लेखी मागा. एलएस३ आणि टी-५६ सुटे काढून विकता येतात म्हणून अशा गाडीचं सॅल्व्हेज महाग असतं आणि कंपन्या ही वजावट गरजेपेक्षा मोठी धरतात. टेक्ससमध्ये रंगाचा खर्च सोडून दुरुस्ती गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झाली की गाडी सॅल्व्हेज होते. म्हणजे २४,८०० ची खोटी किंमत मान्य केलीत, तर जी गाडी ७०,००० किंमत धरल्यावर दुरुस्त होण्यासारखी होती तिच्या टायटलवरही (मालकीच्या कागदावरही) कायमचा शिक्का बसतो. कंपनीने ओनर रिटेन्ड रिपोर्ट (गाडी मालकाकडेच राहिल्याची सरकारी नोंद) पाठवल्यानंतर टायटल बदलून घेईपर्यंत ती रस्त्यावर आणता येत नाही की विकताही येत नाही. मागणीत ६.२५ टक्के मोटार विक्रीकर आणि यार्डाचं भाडं लावा. भाडं दिवसावर चढतं, म्हणून फोटो झाले की गाडी घरी आणा. वापर बुडाल्याची भरपाई टोटल गाडीलाही मिळते, असं टेक्सस सुप्रीम कोर्टाने २०१६ साली जे अँड डी टोइंग प्रकरणात ठरवलं. पण शनिवार-रविवारच्या गाडीला आणि दारात दुसरी गाडी असताना तिथे फार अपेक्षा धरू नका.

हे सगळं टेक्ससपुरतं. मिशिगनसारख्या नो-फॉल्ट राज्यातल्या वाचकांनी यातलं काहीही तसंच्या तसं लावू नये.

मूळ इंजिन काढून गॅरेजमध्ये ठेवलं असेल, तर ते अपघातात नव्हतं आणि या क्लेममध्ये नाही. गाडी कंपनीला द्यायची ठरली तर टायटलबरोबरच्या पत्रात ‘सुटे भाग मालकाकडे’ अशी ओळ घाला, आणि इंजिनाच्या पुढच्या बाजूला, उजव्या हेडखालच्या पट्टीवर ठोकलेला अर्धा व्हिन तुमच्या व्हिनशी जुळतो का ते आधी बघून ठेवा.