वाचकांचे प्रश्न : प्रोजेक्टचा विषय कसा निवडावा?

प्रश्न : मी तासगावचा, बीएस्सी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. या वेळी प्रोजेक्टचा विषय आमचा आम्हीच ठरवायचा आहे. द्राक्षाच्या पानाचा फोटो काढला की रोग सांगणारं अ‍ॅप करावं असं मनात आहे. लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, हातात ४ महिने. जमेल का?

उत्तर : अ‍ॅप तयार होईल, पण तासगावच्या बागेत त्याचा उपयोग होणार नाही. लॅपटॉपचं अडत नाही, ट्रेनिंग, म्हणजे फोटो दाखवून कॉम्प्युटरला रोग ओळखायला शिकवणं, गूगल कोलॅब या ऑनलाइन सेवेवर फुकट करता येतं. अडतं ते फोटोंपाशी. या विषयाला हात घालणारे बहुतेक विद्यार्थी प्लँटव्हिलेज हा फोटोसंच उतरवून घेतात. त्यात ५४ हजारांवर फोटो आहेत, १४ पिकं, ३८ वर्ग (एक पीक आणि त्याचा एक रोग, किंवा निरोगी पान, असा एक वर्ग). द्राक्षाचे वर्ग मात्र चारच : ब्लॅक रॉट, एस्का, पानावरचा करपा आणि निरोगी पान. ऑक्टोबर छाटणीनंतर आपल्याकडच्या बागायतदाराची झोप उडवणारे दावण्या आणि भुरी हे रोग त्यात नाहीतच! शिवाय ते फोटो पान तोडून, एकरंगी कागदावर ठेवून काढावेत तसे आहेत. बागेतल्या पानावर ऊन-सावली असते, औषधाचे डाग असतात, मागे दुसरी पानं असतात. याच संचावर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अचूकता ९९.३५ टक्के आली होती, आणि वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर ती ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. तोंडी परीक्षेत ९९ चा आकडा शोभतो, पण बागेत चुकीच्या औषधाचा खर्च शेतकऱ्याच्या माथी बसतो.

दावण्या-भुरीचे फोटो स्वतः जमवायचे म्हटलं, तर प्रत्येक फोटोवर रोगाचं नाव घालायला जाणकार माणूस हवा. ते ४ महिन्यांत उरकणारं काम नाही.

द्राक्ष सोडू नका, प्रश्न बदला. फवारणीची नोंदवही घ्या. बागायतदार सगळं काम छाटणीपासूनच्या दिवसांवर मोजतो, आणि एकाच घरात तीन प्लॉटच्या छाटण्या तीन वेगळ्या तारखांना झालेल्या असतात. वहीत हे सांभाळणं अवघड जातं. तुम्हाला दोनच तक्ते लागतील. पहिल्यात प्लॉटचं नाव, वाण, क्षेत्र आणि छाटणीची तारीख. दुसऱ्यात प्लॉट, फवारणीची तारीख, औषध, प्रमाण, पाणी किती लिटर, आणि फवारणी ते काढणी किती दिवसांचं अंतर ठेवायचं ते (हे औषधाच्या लेबलावर बघायचं, अंदाजानं भरायचं नाही). एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) आणि पायथॉन पुरे, ४ जीबीत आरामात चालतं.

यात दोन ठिकाणी हमखास चूक होते. काढणीची तारीख बहुतेक जण शेवटच्या फवारणीवरून काढतात. समजा १ जानेवारीच्या फवारणीचं अंतर ३० दिवस आहे आणि १५ जानेवारीच्या फवारणीचं ७ दिवस. शेवटची धरली तर उत्तर येतं २२ जानेवारी, खरं उत्तर आहे ३१ जानेवारी. म्हणून प्रत्येक फवारणीची तारीख अधिक तिचं अंतर काढायचं आणि त्यातली सर्वांत उशिराची तारीख घ्यायची. दुसरी चूक, स्क्रीन जावास्क्रिप्टमध्ये केलीत तर, तिथे होते. ५ ऑक्टोबरची मध्यरात्र toISOString या फंक्शननं आयएसओ स्वरूपात (वर्ष-महिना-दिवस) बदलली की ती ४ ऑक्टोबर होऊन बसते, कारण ते फंक्शन जागतिक वेळ लावतं आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. छाटणीचा दिवस एकानं मागे गेला की पुढची सगळी मोजणी चुकते. तारीख साधा मजकूर म्हणून साठवा. आणि छाटणीचा दिवस शून्य धरायचा की एक, हे बागायतदारालाच विचारा.

विषय पक्का करण्याआधी एक करा. ओळखीच्या एखाद्या बागायतदाराची मागच्या हंगामाची वही मागा आणि त्यातल्या २० नोंदी हातानं भरून बघा. वही मिळाली नाही, तर तो विषय सोडा.

प्रश्न : मी सांगलीची आहे. कृष्णेच्या पुराचा अंदाज मशीन लर्निंगनं सांगणारा प्रोजेक्ट एकटीनं करू का?

उत्तर : अंदाजाचा नको. मशीन लर्निंग जुन्या उदाहरणांवरून शिकतं, आणि मोठे पूर अलीकडे २००५, २०१९ आणि २०२१ चे. एवढ्याशा उदाहरणांवर मॉडेल काय शिकणार? त्यात कोयनेचा विसर्ग किती, पाणलोटात पाऊस किती, हे सगळं तासातासाला बदलतं.

त्यापेक्षा सांगलीच्या आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पातळीच्या जुन्या नोंदी गोळा करून नीट मांडा. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, या दोन रेषा आलेखावर हव्यातच. खरं कौशल्य नोंदी साफ करण्यात लागतं. '४५ फूट ६ इंच' हे कित्येक जण ४५.६ लिहितात, पण ते असतात ४५.५ फूट. '४५ फूट १० इंच'चं ४५.१० केलंत, तर कॉम्प्युटर ते ४५.१ समजतो आणि चढलेलं पाणी आलेखात उतरलेलं दिसतं. सगळं इंचात, पूर्णांकात साठवा : पहिलं ५४६, दुसरं ५५०. मराठी आकडे पायथॉन थेट वाचतो. जावास्क्रिप्टला ते संख्या म्हणून कळत नाहीत, आधी बदलून द्यावे लागतात.

आणि आलेखाच्या पानावर ठळक लिहा, की हा सरकारी इशारा नाही. पावसाळ्यात असा आलेख व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला वेळ लागत नाही, म्हणून प्रत्येक चित्राच्या आतच नोंदीची तारीख आणि वेळ छापा.