डिलिव्हरीला नऊ महिने झाले, सोनोग्राफी नॉर्मल आहे, तरी जांघेत आणि ओटीपोटाखाली का दुखतं?

ताई, तुम्ही लिहिलंय की नॉर्मल डिलिव्हरी झाली, टाके पडले, आणि आता नऊ महिन्यांनीही कुशीवर वळताना, जिना चढताना, उभ्याने सलवार घालताना पुढच्या हाडात कळ येते. संबंधांच्या वेळीही दुखतं. घरचे म्हणतात, शेक-शेगडी नीट घेतली नाहीस. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका बाळंतपणानंतरच्याच असतात. शेक कमी पडला म्हणून असं दुखत नाही. हा ठपका तुम्ही आधी डोक्यातून काढून टाका.

पोटाच्या सोनोग्राफीत गर्भाशय, बीजकोश, मूत्राशय दिसतं. ते ठीक आहे, ही चांगलीच गोष्ट. पण तुम्ही सांगताय ते दुखणं सांध्यांचं आणि स्नायूंचं वाटतं, आणि ते त्या तपासणीत दिसत नाही. हाताने तपासूनच कळतं. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, होईल बरं’ एवढ्यावर थांबू नका.

ओटीपोटाच्या अगदी खाली, पुढच्या बाजूला, दोन हाडं कूर्चेने जोडलेली असतात. त्या सांध्याला प्युबिक सिम्फिसिस म्हणतात. एरवी तिथली फट साधारण 4-5 मिलीमीटर असते, गरोदरपणात ती आणखी 2-3 मिलीमीटरने वाढते आणि ते नैसर्गिकच आहे. 10 मिलीमीटरच्या पुढे गेली तर सांधा फाकला असं धरतात. मात्र फट किती आणि दुखतं किती, यांचा मेळ बसतोच असं नाही. मागे कमरेखाली दोन खळ्या दिसतात, तिथेही दोन सांधे आहेत. एका पायावर भार आला की या तिन्ही सांध्यांवर वाकडा ताण येतो. सलवार, जिना, स्कूटरवर टांग टाकणं, कुशीवर वळणं, यातच नेमकं दुखतं ते म्हणून. बहुतेकींचं पहिल्या काही महिन्यांत थांबतं. नऊ महिने राहिलेलं दुखणं मात्र तपासूनच घ्यायला हवं.

घरी एक करून बघा. पाठीवर सरळ झोपा आणि गुडघा न वाकवता एक पाय वीतभर उचला. पाय जड वाटला किंवा कळ आली, तर कुणालातरी दोन्ही बाजूंनी तुमचे खुबे आत दाबून धरायला सांगा आणि पुन्हा उचला. आता सोपं गेलं तर सांध्यांना आधार कमी पडतोय असं समजायला जागा आहे. डॉक्टरांना हे जरूर सांगा.

आता संबंधांच्या वेळच्या दुखण्याबद्दल. याबद्दल बायका सगळ्यात शेवटी, दाराशी जाऊन बोलतात. तुम्ही सरळ लिहिलंत हे फार बरं केलंत. तुमच्या बाबतीत तीन शक्यता दिसतात. टाक्यांची जागा ताठर झालेली असू शकते. अंगावर पाजत असाल तर इस्ट्रोजेन कमी असतं आणि योनिमार्ग कोरडा पडतो. तिसरी शक्यता म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, म्हणजे पेल्विक फ्लोअर, दुखण्याच्या धास्तीने सतत आवळलेले राहतात. कोरडेपणाला संबंधांच्या वेळी लावायचं पाण्याचं वंगण-जेल आणि गरज पडली तर डॉक्टरांनी दिलेलं क्रीम पुरतं. ताठर टाक्यांना हलका मसाज शिकवता येतो. आवळलेल्या स्नायूंचं मात्र जरा वेगळं असतं.

बाळंतिणीला सगळे एकच सांगतात, केगल कर. अर्नोल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरांनी 1948 मध्ये हा व्यायाम मांडला तो सैल पडलेल्या स्नायूंसाठी, आणि त्यासाठी तो उत्तमच आहे. पण आधीच गच्च झालेला स्नायू आणखी आवळायला लावला तर दुखणं वाढतं. अशा बाईला आधी सैल सोडायला शिकावं लागतं: गुडघे वाकवून झोपायचं, श्वास पोटात खोल घ्यायचा आणि त्याबरोबर खालचा भाग ढिला सोडायचा. म्हणून तपासणी होईपर्यंत केगल थांबवा. आणि संबंध दात-ओठ खाऊन सहन करू नका, त्याने ते स्नायू अजून धास्तावतात. नवऱ्याला हे स्पष्ट सांगा, हवं तर हे उत्तरच वाचायला द्या.

रोजच्या गोष्टींत: वळताना दोन्ही गुडघे जुळवून एकत्रच वळा, झोपताना मध्ये उशी घ्या. कपडे बसून घाला. बाळाला सतत एकाच कडेवर घेऊ नका. मांडी घालून बसल्यावर दुखत असेल तर सध्या खुर्ची बरी. पोट गच्च बांधण्याचा या दुखण्याला उपयोग नाही. आधाराचा पट्टा लावायचाच तर तो खुब्यांच्या पातळीवर, खाली असतो. मालिश सुखाची वाटत असेल तर घ्या, पण पाय फाकवून ओढू देऊ नका.

आणखी एक, रक्ताची तपासणी करून घ्या: ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फेटेज. ड जीवनसत्त्व फार कमी झालं तर हाडं मऊ पडतात, जमिनीवरून उठणं जड जातं, चाल डुलती होते. आपल्याकडे ऊन भरपूर, पण बाळंतीण घरातच असते. औषधाने हे सुधारतं.

ताप, घाण वासाचं अंगावरून जाणं, पायात बधिरपणा, लघवी-शौचाचा ताबा सुटणं, बसण्याची जागा बधिर होणं, एका पोटरीला सूज, रात्रीही न थांबणारं दुखणं किंवा वजन उतरणं, यातलं काही असेल तर हे उत्तर बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा.

एरवी बायकांच्या पेल्विक फ्लोअरवर काम करणारी फिजिओथेरपिस्ट शोधा. तुमच्या गावात नसेल तर जवळच्या मोठ्या शहरात एकदा तपासून घ्या, पुढचे व्यायाम बऱ्याचदा व्हिडिओ कॉलवर चालतात. आतून तपासणी लागली तर आधी तुम्हाला विचारलंच पाहिजे आणि तुम्ही नको म्हणू शकता. खुबे, मांड्या, पोटाचे स्नायू हळूहळू मजबूत करावे लागतात. काही आठवड्यांत फरक जाणवू लागतो, दुखणं पूर्ण थांबायला महिने लागतात.

दुसऱ्या बाळाचं विचारलंत. हे दुखणं पुढच्या गरोदरपणात परत येऊ शकतं, पण तेवढ्यावरून बाळ नको म्हणायचं किंवा सिझेरियनच करायचं असं काही नाही. आधी हे बरं करून घ्या, मग दिवस राहिल्यावर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना मागचं सगळं सांगा. प्रसूतीच्या वेळी पाय किती फाकवले की दुखतं हे आधी मोजून ठेवता येतं, आणि कुशीवर झोपूनही प्रसूती होऊ शकते.