टाळूत अडकलेला सुळा

प्रश्न : लेक चौदाची. वरचा डावा सुळा टाळूत आडवा अडकलाय. तारा न लावता, ऑपरेशन करून एकदाच जागेवर बसवता येईल का? (एक आई, इंदूर)

उत्तर : येतो, पण आमचा कल तारांकडेच आहे. सुळा साधारण 11-12 व्या वर्षी उगवतो. चौदाव्या वर्षी त्याच्या मुळाचं टोक बंद होत आलेलं असतं. टोक उघडं असेल तर हलवलेल्या दातात रक्तपुरवठा पुन्हा सुरू होऊ शकतो. बंद असेल तर नस मरते आणि दोनेक आठवड्यांत रूट कॅनाल करावंच लागतं. खरी भीती वेगळीच. दात काढताना मुळाभोवतीचं नाजूक आवरण खरचटलं, की मूळ विरघळतं किंवा दात हाडाला चिकटतो. चिकटलेला दात पुढे तारांनीही हलत नाही.

म्हणून आधी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) काढा. शेजारच्या दाताचं मूळ झिजतंय का, तेही त्यात कळेल. मग हिरडी उघडून सुळ्यावर बटण व साखळी चिकटवतात आणि सुमारे 60 ग्रॅम जोराने हळूहळू ओढतात. महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर, म्हणजे वर्ष-दीड वर्ष. घाईने जोर वाढवू देऊ नका.

ऑपरेशननेच बसवायचं ठरलं, तर दात लवचीक तारेने शेजाऱ्यांना सुमारे दोन आठवडे बांधतात. तोवर सराफा बाजारातले गराडू (तळलेला कंद) बंद! भुट्ट्याचा कीस चालेल, कोमट.