पत्र्याच्या कामाला जुने पायमोजे कापून हातात घातले तर चालतील का?

तुमचा धाकटा भाऊ कुपवाड एमआयडीसीत पत्र्याच्या कामाला लागलाय आणि हातावर चरे पडतात म्हणून जुने पायमोजे कापून घालतो, हे वाचून हसूच आलं. मीही पहिलं वर्ष तेच केलं. हे शिकलो आईकडून. उसात जाताना ती साडीवर आबांचा फुल बाह्यांचा शर्ट चढवायची आणि मनगटावर पंजा कापलेले मोजे. उसाच्या पानाच्या कडेला बारीक दाते असतात, देठावरची कूस टोचते ती वेगळीच. तिथं मोजा पुरतो.

पत्र्याला नाही पुरत. शिअरिंगवरून, म्हणजे पत्रा कापायच्या मशीनवरून, आलेल्या पत्र्याची बर, म्हणजे कडेला राहिलेली धारदार कुसळं, मोज्यासकट कातडीत शिरते. वरून एक धागा तुटलेला दिसतो, आत किती लागलंय ते ओलं लागल्यावर कळतं.

त्याला कट-रेझिस्टंट स्लीव्ह, म्हणजे सहजी कापली न जाणारी बाही, लागेल. लेबलवर हातोड्याचं चित्र आणि ईएन ३८८ (हे युरोपातलं मानक) असं लिहिलेलं असतं, खाली चार आकडे आणि पुढं एक इंग्रजी अक्षर. ए ते एफपर्यंतचं ते अक्षर बघायचं. ए सगळ्यात कच्चा, एफ सगळ्यात पक्का. रोजच्या पत्र्याला मी सी किंवा डी घेईन. अंगठ्याला भोक असलेलीच घ्या, नाहीतर बाही वर सरकते आणि हातमोजा नि बाही यांच्यामधल्या दोन बोटं उघड्या जागेतच नेमकं लागतं.

तो ग्राइंडिंग-वेल्डिंगही करत असेल तर मात्र हीच बाही घालू नका. पांढऱ्या-करड्या स्लीव्हमध्ये बहुतेक एचपीपीई हा प्लास्टिकचा धागा असतो, तो १४५ अंशांच्या आसपास वितळतो. नायलॉन-पॉलिस्टरही ठिणगीनं वितळून कातडीला चिकटतं. तिथं चामड्याची बाही. पिवळी केव्हलारची (उष्णता सोसणाऱ्या मजबूत धाग्याची) वितळत नाही, पण तेलानं माखलेली असली तर तीही पेट घेऊ शकते.

आणि ड्रिल किंवा लेथवर उभा राहणार असेल तर सैल बाही नको, हातमोजे तर नकोच. माझ्या बाहीचा लोंबता धागा एकदा बेंच ड्रिलच्या बिटात अडकला. डोळ्याची पापणी लवायच्या आत बाही कोपरापर्यंत ओढली गेली. शिवण जुनी होती, उसवली, म्हणून आज दोन्ही हातांनी टाइप करतोय. १९४८ च्या कारखाना कायद्यातही चालत्या मशीनची तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्यानं अंगाला घट्ट बसणारेच कपडे घालायचे असं सांगितलं होतं. आम्ही ते भिंतीवरच्या बोर्डापुरतं समजायचो.

पैसे खर्च करण्याआधी त्याला सुपरवायझरकडं मागू दे, बऱ्याच ठिकाणी स्टोअरमध्ये पडून असतात, मागितल्याशिवाय निघत नाहीत. केव्हलारची मिळाली तर ब्लीच घालून धुवायची नाही आणि उन्हात वाळत टाकायची नाही, दोन्हीनं धागा कमजोर होतो. सावलीत वाळवा. तो नेमका कोणत्या मशीनवर आहे ते लिहा, मग पुढचं सांगतो.